‘किडीला औषधाची सवय झाली’ म्हणण्याआधी: कोबीवरच्या अळीची प्रतिकारक्षमता घरच्या घरी तपासायची रीत

डिसेंबर उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले भागातून ठरलेले फोन सुरू होतात. “सर, तीन फवारण्या झाल्या, अळी मरंना. सवय झालीया तिला औषधाची. डोस वाढवू का?” मी विचारतो, कोणतं औषध? उत्तर येतं ते बाटलीच्या नावाचं. आत घटक कोणता, ते शंभरात दहाजणांना ठाऊक असतं. दुसऱ्या बाजूला प्रकल्पासाठी हाच विषय घेणारी पदवीची मुलं. ती एका झाडावरच्या दहा अळ्या बरणीत भरून आणतात, त्यातल्या चार जगतात आणि अहवालात लिहून मोकळी होतात: ‘प्रतिकारक्षमता आढळली’.

दोघांची चूक एकच आहे. निष्कर्ष आधी आणि तपासणी नंतर, किंवा तपासणी नाहीच. खाली दिलेली रीत कोबी-फ्लॉवरवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीसाठी आहे. मक्यावरच्या लष्करी अळीलाही ती थोड्या फरकानं चालते, फक्त त्या अळ्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र वाटी द्यावी लागते. खर्च चारपाचशे रुपयांच्या आत बसतो. वेळ मात्र जातो: पहिल्या निकालाला आठवडा, पक्क्या निकालाला महिना-सव्वा महिना.

१. आधी ‘सवय’ हा शब्द टाका

हा शब्दच्छल नाही. पुढचा सगळा प्रयोग या एका शब्दावर ठरतो.

दारूची सवय एकाच माणसाला हळूहळू लागते. अळीचं तसं होत नाही. औषध पडलं की ती मरते किंवा वाचते. जी वाचली ती मुळातच थोडी वेगळी होती: तिच्या शरीरात औषध मोडणारं एखादं विकर (एन्झाइम) जास्त असेल, किंवा औषध जिथं जाऊन बसतं ती जागाच जरा बदललेली असेल. हा फरक फवारणीनं तयार केला नाही. तो आधीपासून हजारो-लाखोंत एखादीत होता. फवारणीनं बाकीच्या मारल्या आणि पुढच्या पिढीचे आईबाप कोण, ते ठरवलं. या किडीची मादी शंभर-दोनशे अंडी सहज घालते आणि उबदार हवेत एक पिढी दोन-अडीच आठवड्यांत उरकते. कोबी सतत लावला जातो तिथं वर्षात पंधरा-वीस पिढ्या होऊ शकतात. म्हणजे तुमच्या एका हंगामात निवडीच्या पाच-सहा फेऱ्या.

यातून तपासता येतील असे तीन प्रश्न निघतात. अळ्या-अळ्यांत औषध सोसण्याचा फरक आहे का? तो आईबापांकडून पिल्लांत उतरतो का? आणि जास्त फवारलेल्या शेतात सोसणाऱ्यांचं प्रमाण खरोखर जास्त आहे का? तिन्हींना ‘हो’ आलं तरच प्रतिकारक्षमता म्हणायचं. एकाचं जरी ‘नाही’ आलं, तरी फवारणी फसण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

२. साधी कारणं आधी बाद करा

माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक याच पायरीवर मिटतात. म्हणून ही पायरी गाळून डबे मांडायला बसू नका.

कीड तीच आहे का ते पाहा. ही अळी जेमतेम एक सेंटिमीटरची, हिरवी आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. काडीनं डिवचलं की मागं वळवळते आणि धाग्यावरून खाली लोंबकळते. पान खाताना वरचा पातळ पापुद्रा ठेवते, त्यामुळं पानाला कागदी खिडक्या पडतात. अळी मोठी, काळपट आणि झुंडीनं असेल तर ती तंबाखूवरची अळी. तिचा हिशेब वेगळा.

मग पाणी. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी अनेकदा विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) निघतं, आणि काही औषधं, विशेषतः जुनी ऑर्गॅनोफॉस्फेटं, तशा पाण्यात लवकर मोडतात. पीएचची पट्टी दुकानात मिळते, ती बुडवून बघा. पंपात औषध कालवून जेवायला जायची सवय असेल तर तीही वहीत नोंदवा. (माणसाला सवय लागते, तिथं हा शब्द बरोबर आहे.)

कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो. नुसतं पाणी त्यावरून मोत्यासारखं ओघळून जातं. स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारा पदार्थ) घातला होता का? नोझल झिजलेलं आहे का? फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला का? अळी तिथंच असते. दुपारी उन्हात वरून भिजवलेलं पीक बघायला ओलं दिसतं, पण अळीला त्याचा पत्ता लागलेला नसतो.

आता सगळ्यांत फसवं कारण. शेजारचा प्लॉट काढला की तिथले पतंग तुमच्याकडे येतात. चार दिवसांनी तुम्हाला पुन्हा अळ्या दिसतात आणि वाटतं, जुन्याच वाचल्या. हे ओळखायला फवारणीआधी २० झाडांना सुतळी बांधा आणि त्यांच्यावरच्या अळ्या लहान, मध्यम, मोठ्या अशा मोजून ठेवा. फवारणीनंतर चौथ्या दिवशी त्याच झाडांवर पुन्हा मोजा. मोठ्या अळ्या जिवंत असतील तर त्या वाचलेल्या. नुसत्या बारीक असतील तर त्या बहुधा नव्यानं उबलेल्या.

तपासा: बाटलीवरचा घटक, त्याचा गट, मुदत, वापरलेलं प्रमाण, तारीख, वेळ आणि नंतर पाऊस किंवा तुषार सिंचन झालं का, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर आलं का? नसेल तर पुढं जाऊ नका.

गटाबद्दल दोन ओळी, कारण इथं जवळजवळ सगळे चुकतात. बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नव्हे, आणि घटक बदलला म्हणजे गट बदलला असंही नव्हे. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल, सायॅन्ट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेन्डिअमाइड ही तीन नावं, पण गट एकच: २८. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन हे तिन्ही ३अ. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम ५, इमामेक्टिन बेंझोएट ६, इंडोक्झाकार्ब २२अ, आणि बीटी जिवाणूची फवारणी ११अ. गट म्हणजे औषध किडीच्या शरीरात नेमकं कुठं मारा करतं, त्याचा क्रमांक. एका कुलपाची चावी जिच्याकडे आहे, तिला त्याच कुलपाचे तीन ब्रँड अडवत नाहीत.

३. अंदाज लेखी मांडा, तारीख घाला

एकच पान, पण डबे मांडण्याआधी लिहायचं. नमुना असा: “या प्लॉटवर दोन हंगाम गट २८ ची फवारणी झाली आहे. प्रतिकारक्षमता असेल तर (अ) लेबलच्या डोसला इथल्या अळ्या न फवारलेल्या ठिकाणच्या अळ्यांपेक्षा जास्त जगतील, (आ) कधीच न वापरलेल्या गटाच्या औषधाला दोन्हीकडच्या अळ्या सारख्याच मरतील, (इ) वाचलेल्यांची पिल्लंही जास्त जगतील.”

(आ) हा मुद्दा मुलं नेहमी विसरतात. दोन्ही औषधांना तुमच्या अळ्या जास्त जगत असतील, तर त्या नुसत्याच धष्टपुष्ट असतील, किंवा तुलनेच्या अळ्या प्रवासात आजारी पडल्या असतील. तसं निघालं तर काय म्हणायचं, तेही आधीच लिहून ठेवा. निकाल समोर आल्यावर सगळंच ‘वाटलंच होतं’ होतं.

४. अळ्या गोळा करणं: प्रयोग इथं जिंकतो किंवा हरतो

एका झाडावरच्या चाळीस अळ्या म्हणजे बहुधा एकदोन आयांची पोरं. त्यांची तपासणी ही एका घराची तपासणी झाली, गावाची नव्हे. सोसण्याचा गुण घराण्यातून उतरतो हेच तर आपण तपासतोय. मग एकच घराणं घेऊन निकाल कसा काढणार?

म्हणून प्लॉटमध्ये इंग्रजी ‘झेड’सारखं चालत जा आणि निदान ५० झाडांवरून अळ्या घ्या, एका झाडावरून चारपाचहून जास्त नकोत. कडेच्या दोन सऱ्या सोडा. शेवटच्या फवारणीला आठवडा उलटलेला असावा, नाहीतर अर्धमेल्या अळ्या डब्यात जातील. सगळ्या अळ्या एका मापाच्या घ्या: मधल्या वयाच्या, साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या. मोठ्या अळ्या औषध जास्त सोसतात आणि दोन दिवसांत कोषात जाऊन मोजणी बिघडवतात. फार बारीक अळ्या हात लागला की मरतात. उचलायला चिमटा नको, मऊ ब्रश घ्या.

आता तुलनेची टोळी. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या औषधाविना वाढवलेला वाण असतो, तुमच्याकडे तो नाही. त्याच्या जवळात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे घरच्यापुरती लावलेली, कधी न फवारलेली कोबी किंवा मोहरी. ती मात्र लांबची हवी. तुमच्या बांधावरची न फवारलेली चार झाडं उपयोगाची नाहीत, कारण तुमचेच पतंग तिथं अंडी घालतात. आम्ही एकदा गगनबावड्याकडच्या एका वाडीतल्या परसातून अळ्या आणल्या होत्या, कोल्हापूर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरून. एवढं जमलं तर उत्तम. मिळालीच नाही तर तुलना टाकून देऊ नका. कमी फवारणारा शेतकरी गाठा आणि अहवालात ‘कमी फवारलेली टोळी’ असं स्पष्ट लिहा. ती संवेदनशील, म्हणजे औषधाला सहज मरणारी, टोळी आहे असं भासवू नका.

दोन्हीकडच्या अळ्या एकाच दिवशी आणा. छिद्रं पाडलेल्या डब्यात कोबीची पानं आणि टिपकागद घालून, सावलीत. गाडीच्या डिकीत नको.

सावधान: प्रत्येक टोळीच्या १० ते १५ टक्के अळ्या जादा घ्या. अळीच्या पोटातून परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू निघणं नेहमीचं आहे. तशी अळी ‘औषधानं मेली’ म्हणून मोजली तर निकाल खोटा ठरतो.

५. पानं, डबे, द्रावण

पहिल्या वर्षी माझा प्रयोग इथंच आपटला. औषध न लावलेल्या डब्यांतल्या निम्म्या अळ्या मेल्या. तीन दिवस डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की पानं मी बाजारातून आणलेल्या गड्ड्याची घेतली होती, दोनदा धुऊन. पानात मुरलेलं औषध धुऊन जात नाही. तेव्हापासून जाळीखाली पन्नासेक रोपं वेगळी लावतो, त्यांना थेंबभरही औषध दाखवत नाही. तुम्हीही हे दीड महिना आधी करा. प्रयोग जमणार की नाही, ते या रोपांवरच ठरतं.

डबे: श्रीखंडाचे अर्धा किलोचे, झाकणाला टाचणीनं भोकं पाडलेले, तळाला टिपकागद. एकाच मापाचे हवेत.

द्रावणाचं माप लेबलच्या डोसला ‘१’ मानून करा. मग अर्धा, पाव, एक-अष्टमांश, एक-षोडशांश. लेबलचं द्रावण १ लिटर बनवा. त्यातलं ५०० मिली घेऊन ५०० मिली पाणी घाला, हे झालं अर्धं. त्यातलं ५०० मिली घेऊन पुन्हा ५०० मिली पाणी. अशी उतरंड. पातळ करायच्या पाण्यातही स्टिकर सारख्याच प्रमाणात हवा, नाहीतर खालच्या डोसांत औषधाबरोबर स्टिकरही कमी होत जाईल आणि कशामुळं काय झालं ते कळणार नाही.

काही औषधांचा डोस लिटरला दशांश मिलीच्या घरात असतो. तो थेट मोजायचा प्रयत्न करू नका. १ मिली औषध सिरिंजनं घ्या आणि पाणी घालून १०० मिली करा. त्यातलं १० मिली घेऊन १ लिटर करा. झालं ०.१ मिली प्रति लिटर.

नियंत्रणाच्या, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवायच्या, डब्यांची पानं नुसत्या पाण्यात बुडवू नका. पाणी अधिक स्टिकर, तेवढंच. यात काटकसर करणाऱ्यांचे प्रयोग मी परत पाठवतो.

सावधान: हातमोजे, तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्या. मापं आणि भांडी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत. लेबलवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर घरी करूच नका, कृषी महाविद्यालयात किंवा कणेरी, तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. उरलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गटारीत ओतायचं नाही. पाण्यापासून लांब, पडीक जागेत पसरून टाका.

६. मांडणी

पानाचे सारख्या मापाचे तुकडे दहा सेकंद द्रावणात बुडवा, दोरीवर टांगून सावलीत तासभर पूर्ण सुकू द्या. आधी नियंत्रणाची पानं, मग सर्वांत पातळ द्रावण, शेवटी सर्वांत तीव्र. उलट क्रमानं केलंत तर हातमोज्यावरचं औषध खालच्या डोसांत जातं.

प्रत्येक डब्यात १० अळ्या, प्रत्येक डोसाला ४ डबे. पाच डोस आणि एक नियंत्रण धरले तर एका औषधासाठी एका टोळीच्या २४० अळ्या लागतात. एवढ्या जमत नसतील तर डोस कमी करा, डबे कमी करू नका. लेबलचा डोस, पाव डोस आणि नियंत्रण एवढंच घेतलं तर १२० अळ्यांत भागतं. सुरुवातीला शेतकऱ्यांनी एवढंच करावं.

डब्यांवर औषधाचं नाव लिहू नका. घरातल्या कुणाला तरी चिठ्ठ्या टाकून क्रमांक द्यायला सांगा आणि कोणता क्रमांक कशाचा, ती यादी त्यांच्याकडेच ठेवा. डबे फळीवर क्रमांकानं लागले की डोस आपोआप मिसळतात. खिडकीजवळचे डबे तापतात, कोपऱ्यातले गार राहतात. सगळे नियंत्रणाचे डबे एका टोकाला असतील तर तुम्ही औषध तपासत नाही, खिडकी तपासताय. हे चिठ्ठ्यांचं शहाणपण शेतीनंच जगाला दिलं: १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं ते रुजवलं, आणि नैसर्गिक निवडीचं गणित मांडणाऱ्यांतही तोच पुढं होता.

कोल्हापूरची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची हवा या कामाला बरी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत नियंत्रणातल्या अळ्याही उन्हानं मरतात.

७. मोजणी: मेली कशाला म्हणायचं

हेही आधी ठरवा आणि वहीत लिहा. माझी व्याख्या: ब्रशनं हलकेच डिवचल्यावर नीट चालता येत नाही ती मेली. नुसती थरथरते तीही मेलेल्यांत. कोषात गेलेली जिवंत.

केव्हा मोजायचं ते औषधावर ठरतं. ३अ गटातलं औषध अळीला तासाभरात उलथी पाडतं, पण त्यातल्या काही दुसऱ्या दिवशी उठून चालू लागतात. २४ तासांनी मोजून ‘सगळ्या मेल्या’ लिहिणारे इथं फसतात. गट २८ आणि बीटीचं उलट: अळी खाणं थांबवते, पण मरायला तीनचार दिवस घेते, आणि घाईनं मोजणारा म्हणतो औषध लागू नाही. ४८ आणि ९६ तासांनी, दोन्ही वेळा मोजा. निकालासाठी ९६ तासांचा आकडा धरा. मधे पान सुकलं तर त्याच द्रावणात बुडवलेलं राखीव पान घाला, साधं नको.

तपासा: सगळी मोजणी लिहून झाली का? मगच क्रमांकांची यादी उघडा. एकदोन डबे विचित्र निघाले म्हणून यादी आधी बघायचा मोह होतो. तो आवरा.

८. आकड्यांचा अर्थ

आधी नियंत्रण पाहा. त्यातल्या २० टक्क्यांहून जास्त अळ्या मेल्या असतील तर सगळा प्रयोग रद्द. रडायचं नाही, पुन्हा करायचा. त्याहून कमी असतील तर तेवढी दुरुस्ती करायची. समजा लेबलच्या डोसला ४० पैकी २६ मेल्या, म्हणजे ६५ टक्के. नियंत्रणात ४० पैकी ४, म्हणजे १० टक्के. औषधाविना मरणाऱ्या वजा केल्या की ६५ उणे १० म्हणजे ५५, भागिले १०० उणे १० म्हणजे ९०. उत्तर साधारण ६१ टक्के. खरा मार एवढाच.

मग दोन टोळ्या शेजारी ठेवा. निम्म्या अळ्या कोणत्या डोसाला मेल्या? समजा तुलनेच्या टोळीत हे एक-षोडशांश डोसाला झालं आणि तुमच्या शेतात अर्ध्या डोसाला. तुमच्या अळ्यांना आठपट औषध लागलं. दुपटीपर्यंतच्या फरकावर मी काही बोलत नाही. तेवढा फरक खाणं, हवा, वय यांनीही पडतो.

लहान आकड्यांवर उडी मारू नका. दहांत तीन जगल्या आणि दहांत पाच जगल्या यात सांगण्यासारखा फरक नसतो. चारही डब्यांचा कल एकाच बाजूला आहे का ते बघा. तिघांत सगळ्या मेल्या आणि एकातच सगळ्या जगल्या असतील तर त्या डब्याचं पान नीट बुडालं नव्हतं, असं समजा.

उलटी चूकही तितकीच होते. चाळीसच्या चाळीस मेल्या म्हणून ‘प्रतिकारक्षमता शून्य’ असं म्हणता येत नाही. चाळीसांत एकही वाचली नाही, तरी शेतात सात टक्क्यांपर्यंत सोसणाऱ्या असू शकतात. सोसणारा गुण आधी दुर्मीळच असतो. तो चाळीसांत दिसू लागतो तेव्हा निवड बरीच पुढं गेलेली असते. पहिल्या वर्षीचा ‘काही नाही’ हा निकालही म्हणून जपून ठेवायचा.

९. पुढची पिढी: ही पायरी कुणी करत नाही

आतापर्यंत एवढंच कळलं की काही अळ्या वाचल्या. त्या गुणानं वाचल्या की नशिबानं? पानाच्या कोरड्या कोपऱ्यात बसलेली अळीही वाचते. नशीब पिल्लांत उतरत नाही, गुण उतरतो. म्हणून पिल्लांना विचारायचं.

यासाठी वेगळी तुकडी करा. साधारण ७०-८० टक्के अळ्या मारेल असा डोस आधीच्या आकड्यांवरून निवडा आणि १०० ते १२० अळ्या त्यावर ठेवा. वाचलेल्या वीस-पंचवीस अळ्या स्वच्छ पानांवर वाढवा. त्याच दिवशी नियंत्रणातून, म्हणजे औषध न पाहिलेल्या, तेवढ्याच अळ्या दुसऱ्या डब्यात वाढवा. दोन्हींना खाणं, जागा, हवा सारखी. ही दुसरी ओळ नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

कोष झाले की जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. पतंगांना कापसाच्या बोळ्यावर साखरेचं पातळ पाणी द्या. अंडी घालायला वाटीत पेरलेली मोहरीची कोवळी रोपं ठेवा, मादी त्यावर आनंदानं अंडी घालते. तीनचार दिवसांत अळ्या उबतात, त्यांना स्वच्छ कोबी. मधल्या वयाच्या झाल्या की दोन्ही ओळींची पिल्लं त्याच डोसाला, त्याच रीतीनं तपासा.

वाचलेल्यांची पिल्लं स्पष्टपणे जास्त जगली, तर तुमच्या हातात पुरावा आला. फरक आनुवंशिक आहे, आणि तुम्ही एका पिढीत निवड होताना डोळ्यांनी पाहिली. दोन्ही ओळी सारख्याच मेल्या, तर पहिल्या वेळी वाचलेल्या बहुधा नशिबवान होत्या. मग पायरी २ कडे परत जा, पंप आणि पाणी पुन्हा बघा. एक विद्यार्थिनी हा दुसरा निकाल आला म्हणून हिरमुसली होती. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यांत कामाचा निकाल तिचाच होता, कारण त्या शेतकऱ्यानं औषध न बदलता नोझल बदललं.

सावधान: प्रयोग संपल्यावर वाचलेल्या अळ्या, कोष, पतंग बाहेर सोडायचे नाहीत. तुम्ही नुकतेच सोसणाऱ्यांचे वेचक आईबाप तयार केले आहेत. साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा उकळत्या पाण्यात टाका, मग पुरा.

१०. निकाल ‘हो’ आला, तर शेतात काय

डोस वाढवू नका. प्रयोगाच्या डब्यात पान सगळीकडून सारखं भिजतं, शेतात भिजत नाही. एका पानावर पूर्ण डोस, दुसऱ्यावर पाव, आणि उन्हापावसानं रोज थोडा कमी होत जाणारा. वाढवलेला डोसही कुठं ना कुठं सोसण्याइतका उरतोच, आणि परजीवी गांधीलमाशा, कोळी हे आपले राखणदार आधी मरतात. शिवाय लेबलपेक्षा जास्त डोस खाणाऱ्याच्या ताटात जातो.

दोन औषधं पंपात मिसळायचा उपायही दुकानातून सुचवला जातो. एकाला किडीचा निम्मा कळप आधीच दाद देत नसेल, तर मिसळणीतलं दुसरंच सगळं ओझं वाहतं आणि तेही लवकर निकामी होतं.

आलटूनपालटून फवारणी करा, पण पिढीच्या हिशेबानं. एका पिढीच्या काळात, साधारण तीन आठवडे, एकाच गटाचं औषध. पुढच्या तीन आठवड्यांत तो गट बंद, दुसरा गट. दर फवारणीला गट बदलणारे स्वतःला हुशार समजतात, पण त्यामुळं एकाच पिढीवर दोन्ही गटांची निवड होते आणि पुढच्या पिढीवरही तीच. गटाला सुट्टी मिळतच नाही. औषध कोबीसाठी शिफारस केलेलंच हवं, आणि फवारणी ते काढणी यांतलं लेबलवरचं अंतर पाळायचं.

सोसणाऱ्या पतंगाला जोडीदार म्हणून साधा पतंग मिळाला, तर पिल्लांत गुण पातळ होण्याची शक्यता राहते. म्हणून शेतात न फवारलेली जागा हवी. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी लावायची शिफारस जुनी आहे: एक ओळ कोबी लावायच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीकडे जास्त ओढले जातात. मोहरीवर अळ्या फारच माजल्या तर निंबोळी अर्क मारा, कोबीवर चालू असलेला गट तिथं नको. बीटी कापसाबरोबर अशाच आश्रयाच्या जागेसाठी पूर्वी वेगळं मिळणारं साधं बियाणं बहुतेकांनी बांधावर लावलंच नाही, आणि गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद देणं कसं सोडलं ते विदर्भात विचारा.

आणि हे एकट्यानं करून भागत नाही. तुमच्या शेताची हद्द पतंगाला ठाऊक नाही. शिवारातल्या पाचसहा कोबीवाल्यांनी एकाच तीन आठवड्यांत एकच गट ठरवला, तर सुट्टी खरी ठरते. आमच्याकडे हे एका गल्लीत जमलं, शेजारच्या गल्लीत भाऊबंदकीमुळं नाही जमलं.

बंद केलेला गट पुन्हा कधी चालू करायचा? एक पूर्ण हंगाम गेल्यावर पायरी ६ मधली छोटी तपासणी, म्हणजे लेबलचा डोस, पाव डोस आणि नियंत्रण, पुन्हा करा. सोसणाऱ्यांना त्या गुणाची किंमत मोजावी लागत असेल, म्हणजे त्या अंडी कमी घालत असतील किंवा उशिरा वाढत असतील, तर औषध नसताना त्यांचं प्रमाण घटलेलं दिसेल. प्रत्येक वेळी घटतंच असं नाही, म्हणून तर मोजायचं. तुलनेच्या अळ्या शक्यतो त्याच ठिकाणच्या आणा, डबे त्याच मापाचे, स्टिकर तोच, मोजणी ९६ तासांनीच. मागच्या हंगामाची वही समोर उघडी ठेवा, आणि पाव डोसाच्या चार डब्यांचे जुने आकडे नवी यादी उघडेपर्यंत कागदानं झाकून ठेवा.